गडगनेर, आखाड, दिवाळसण

पुरणाचा शेवटचा गोळा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं दीपमालानं सकाळीच ठरवलं होतं. पण दाजी चहाचा रिकामा कप घेऊन स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिला राहवलं नाही.

“दाजी, जेवणं उरकली की जरा सांगलीला जाऊन येऊया. चारची वेळ घेतलीय डॉक्टरीणबाईंकडं. दोन्ही पोरींची.”

“कशाची वेळ?”

“लशीची. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हुतो न्हवं बायकांना, त्याची लस.”

कृष्णातनं कप खाली ठेवला नाही. सव्वीस वर्षं फौजेत काढून, नायब सुभेदार होऊन साताऱ्यात घर बांधून राहिलेला माणूस. आवाज चढवायची त्याला कधी गरज पडली नव्हती. तो नुसता गप्प झाला की समोरचा आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. दीपमालाच्या नणंदेचा, शालनचा, हा नवरा. शालन जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पोरींना घेऊन सणावाराला सासुरवाडीची, तासगावची वाट त्यानं सोडली नव्हती, आणि त्यासाठी दीपमाला त्याला मानत होती. म्हणून तर आज एवढी पंचाईत.

“आज गडगनेर हाय क्रांतीचं, ओटी भरायची हाय,” तो म्हणाला. “आज सुया टोचायच्या?”

“लगीन महिन्यावर आलं. आज न्हाई तर कवा?”

“लगीन होऊंदे. मग बघतील तिच्या घरची.”

इथं दीपमाला अडली. ती अकरा वर्षं आशाताई होती. अलीकडं गावात फिरताना तिनं घराघरांतल्या आयांना जे बिनदिक्कत सांगितलं होतं, ते नणंदेच्या नवऱ्यासमोर सांगायला तिची जीभ रेटेना. नवराबायकोचा संबंध यायच्या आधी ही लस घेतलेली सगळ्यात चांगली, हे वाक्य तिच्या ओठावर आलं आणि पदर सारखा करता करता परत गेलं.

“नंतर बी घेता येती,” ती म्हणाली. “पर आदी घेतलेली जास्त लागू पडती, असं डॉक्टर सांगत्यात.”

“ते कसं काय?”

“हाय तसं कायतरी.”

कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. “आणि रेश्मा? ती अजून शाळंत हाय.”

“तिचं तर खरं वय हाय, दाजी. नऊपास्नं चौदापातुर दोन डोसात भागतंय. पंधरा झाली की तीन घ्यावं लागत्यात.”

“मग तिची येळ गेली. तिला पंधरावं लागून वरीस हुत आलं.”

“लागल्यालं न्हवं, पुरं झाल्यालं धरायचं. पाच आठवडं हायत अजून.”

“मला न इचारता येळ घेतली तुमी, वैनी.”

“इचारलं असतं तर नको म्हणला असता.”

“आता बी नकोच म्हणतोय.” त्यानं कप ओट्यावर ठेवला आणि तो बाहेर पडला.

दीपमालानं दाराबाहेर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. जोतीराम द्राक्षात आणि बेदाण्यात हुशार माणूस, पण घरात आवाज बदलला की त्याला नेमकं तेव्हाच शेडवर काम निघायचं. “ढग आल्यात,” तो म्हणाला आणि चपला शोधत दाजींच्या मागं गेला.

उरली सासू. राहीबाई खिडकीखाली बसून ओटीचं तबक लावत होती. नारळ, खण, गहू, हळकुंडं, सुपाऱ्या. ही म्हातारी आपल्या बाजूनं बोलेल, असा दीपमालाचा सकाळपासूनचा हिशेब होता. लेक कशानं गेली ते तिला माहीत होतं. घरात ते चौघांनाच माहीत होतं. बाकी सगळ्या पावण्यापैंना, आणि त्या दोन पोरींनाही, एवढंच सांगितलं होतं की शालनच्या पोटात गाठ झाली.

“आत्ती, तुमी तरी बोला की.”

राहीबाईनं नारळाची शेंडी सारखी केली. “भरल्या ओटीनं दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. ही घरची रीत हाय, दीपमाला. तुला सांगाय नगं.”

 दीपमालानं पोळी लाटायला घेतली आणि ती फाटली.

*

शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यावर मजले होते आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं आता हिरव्याची पिवळी होऊ लागली होती. अजून पाचसहा दिवस, मग बेदाणा झाडायचा. कवठे महांकाळच्या बाजूनं आभाळ काळवंडलं होतं.

“दाजी, ती दोरी धरा,” जोतीराम म्हणाला.

दोघांनी मिळून शेडचे पडदे सोडायला घेतले. कृष्णातला असलं काम आवडायचं. हातांना काम असलं की डोकं गप्प बसतं. आज मात्र ते बसेना.

मिरजेच्या दवाखान्यातली ती खोली त्याला अजून दिसायची. शालन बाहेर बाकावर बसली होती, आणि डॉक्टर त्याला कागदावर चित्र काढून समजावून सांगत होते. पिशवीचं तोंड, विषाणू, वर्षानुवर्षं आत गप्प राहतो, वगैरे. कृष्णातनं त्यातला एकच शब्द ऐकला होता. संबंधातून. पुढचं त्याच्या कानावरून गेलं. फौजेत नवा होता तेव्हा, लग्नाच्या दोन वर्षं आधी, सोबतीच्या पोरांबरोबर एकदा तो जिथं जायला नको तिथं गेला होता. एकदाच. ती गोष्ट तो विसरलाही होता. त्या खोलीत ती जशीच्या तशी परत आली आणि त्यानंतर नऊ वर्षांत गेली नाही. आपण आपल्या बायकोला मारलं, असं त्याला वाटत होतं. हे तो कुणाशी बोलला नव्हता, आणि पोटातली गाठ ही गोष्ट त्यानंच पहिल्यांदा सांगितली होती.

आता पोरींना लस द्यायची म्हणजे कशाची ते सांगावं लागणार. सांगितलं की त्या फोनवर बघणार. बघितलं की त्यांना तोच शब्द सापडणार.

“गेल्या साली मी म्हणलं, थेंब पडू दे, मग सोडू,” जोतीराम दोरीला गाठ मारत सांगत होता. “थेंब पडला तवा मी बाजारात. अर्धं शेड काळं पडलं.”

वारा आला, थोडी धूळ उडाली, आणि ढग पुढं निघून गेले. ऊन परत पडलं.

“फुकट सोडलं,” कृष्णात म्हणाला.

“फुकट कशानं? न्हाई पडला ते बरंच झालं की.” जोतीराम हात झटकत उभा राहिला. मग दाजींकडं न बघता म्हणाला, “दीपमाला उगं बोलत न्हाई, दाजी. तुमी म्हणाल तसं करू. पर ती उगं बोलत न्हाई, एवढं मातर खरं.”

बायकोच्या बाजूनं तो एवढं बोलला, हे दीपमालाला कळलं असतं तर तिनं त्या दिवशी त्याला एक पोळी जास्त वाढली असती.

*

मधल्या खोलीत क्रांतीला लुगडं नेसवायचं काम चाललं होतं, म्हणजे ती स्वतःच नेसत होती आणि राहीबाई ओटीचं तबक जवळ घेऊन, गहू निवडता निवडता चुका काढत होती. पुण्यामुंबईची माणसं याला केळवण म्हणतात आणि हॉटेलात उरकतात. इकडं गडगनेर म्हणजे पोरीला नवं लुगडं नेसवायचं, पाटावर बसवायचं, पुरणपोळी घालायची आणि ओटी भरून पाठवायचं. क्रांती बावीस वर्षांची. साताऱ्याच्या एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. नवरा मुलगा विश्वजित कुपवाडच्या एका कारखान्यात होता, आणि दिवसातून चार वेळा फोन करायचा.

धाकटी रेश्मा पलंगावर मांडी घालून बसली होती. चौदा वर्षांची पोर घरात असली की भिंतीला कान लावायची वेगळी गरज नसते.

“पप्पा नको म्हणाले,” तिनं बातमी दिली. “मामी म्हणाली आधी घेतलेली चांगली. पप्पा म्हणाले का. मामी म्हणाली आहे तसं काहीतरी.”

“का ते मला माहितीय,” क्रांती निऱ्यांशी झगडत म्हणाली. “मामीनं मला फोनवर सांगितलंय सगळं. मी विश्वजितलाही सांगितलं.”

राहीबाईचा हात थांबला. “जावयाला? काय म्हणला?”

“म्हणाला, मुलांना पण असते का बघ. असली तर मी पण घेतो.”

रेश्मा खुदकन हसली. राहीबाई हसली नाही. तिच्या डोक्यात सकाळपासून शालन होती.

“आजी,” क्रांतीनं पदर खांद्यावर टाकला आणि ती आजीसमोर खाली बसली. “मामी गावातल्या सगळ्या पोरींना लशीचं सांगते. पण आमच्या दोघींच्या वेळेला तिचा आवाज बदलतो. का गं? आईला काय झालं होतं?”

हा प्रश्न कधीतरी येणार, हे राहीबाईला नऊ वर्षं माहीत होतं. रोज येईल म्हणून ती रोज तयार असायची. 

“त्योच,” ती म्हणाली. “पिशवीच्या तोंडाचा.”

रेश्माच्या पायांची हालचाल थांबली. क्रांतीनं आजीचा हात धरला. तो गव्हाच्या धुळीनं माखलेला होता.

“दिवाळीला आल्याली शालन,” राहीबाई सांगू लागली. सांगताना ती कुणाकडं बघत नव्हती. “दोन दिस हुती. जायच्या दिशी सकाळी मला न्हाणीजवळ म्हणली, आई, मधीमधीच अंगावरनं जातंय गं माझ्या. जाता जाता सांगलीला दाखवून जाऊ का? मी तिची ओटी भरल्याली. म्हणलं, भरल्या ओटीनं दवाखान्यात जात न्हाईत, शालन. घरला जा, देवापुढं ओटी सोड, आणि उद्या दाखव. पोरगी कवा माझ्या शब्दाभायेर गेली न्हाई. गेली सरळ साताऱ्याला.”

“मग?”

“मग उद्या काय आला न्हाई. तुझी शाळा, हिचं दुखणं, तुझा बाप सीमेवर. दाखवलं तवा आठ महिनं झालं हुतं. मिरजेच्या डॉक्टरनं इचारलं, एवढं दिस काय करत हुता? मी उभी हुती तिथं. मला तोंड न्हवतं.”

 बाहेरून पोळी भाजल्याचा वास येत होता. क्रांतीला आई आठवली ती ओटीच्या पदरासकट गाडीत चढणारी. तिनं तेव्हा गाडीत बसून ओटीतली सुपारी खेळायला मागितली होती आणि आईनं दिली होती.

“आजी, एका दिवसानं काही झालं नसतं,” ती म्हणाली.

“एक दीस न्हाई. त्या एका दिसानं सवय लागली, उद्याची.” राहीबाईनं डोळे पुसले आणि कपाळावर ती धूळ लागली.

“मग आम्हाला पण होणार?” रेश्मानं विचारलं. आवाज अगदी लहान होता.

दीपमाला दारात कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं. ती आत आली आणि रेश्माजवळ बसली. “न्हाई गं बाळा. ह्यो काय रक्तातनं उतरणारा रोग न्हवं. विषाणूनं हुतो. आईला झाला म्हणून लेकीला हुतो असं न्हाई. आणि त्याच्यावर लस हाय, तुझ्या आईच्या येळंला आपल्याला म्हाईत न्हवती. म्हणून तर माझा जीव वरखाली हुतोय.”

राहीबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेऊन, सावकाश. तिनं ओटीचं तबक उचललं आणि ती देवघराकडं चालली.

“आत्ती, पाट अजून मांडायचाय.”

“मांड. जेवू घाल पोरींना. ओटी माघारी आल्यावर.”

*

जेवणं कशीबशी झाली. पोळ्या मऊ होत्या, कटाची आमटी झणझणीत होती, आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. ताटं उचलल्यावर राहीबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

“कृष्णात, गाडी काढ. सांगलीला जायाचं हाय.”

“आई, तुमचीच रीत हाय न्हवं, भरल्या ओटीनं—”

“भरली कुठं हाय? ओटी थांबंल. ती काय नासती व्हय?” मग तिनं आवाज उतरवला. “पोरींना सांगितलं मी. शालनचं. माझी चूक बी सांगितली. तुला राग आला असंल तर येऊंदे.”

कृष्णातनं आधी क्रांतीकडं पाहिलं, मग रेश्माकडं. दोघी त्याच्याकडंच बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, पण ते ओळखण्याइतका तो भानावर नव्हता. तो उठला आणि अंगणात जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. किल्ली त्याच्या खिशातच होती.

दीपमाला मागोमाग गेली. जोतीरामनं तिला खुणेनं थांबवायचा प्रयत्न केला. तिनं लक्ष दिलं नाही.

“वैनी,” कृष्णात तिच्याकडं न वळता म्हणाला, “सकाळी तुमाला जे बोलता आलं न्हाई, ते मला नऊ वर्षं म्हाईत हाय.”

दीपमाला दोन पावलं पुढं आली.

“नवऱ्यापास्नं येतो न्हवं का त्यो? डॉक्टरनं सांगितलं हुतं. माझ्यामुळं गेली शालन. पोरींना आज ना उद्या कळंल. त्यापरीस...”  एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते.

दीपमालानं पदर खोचला. सकाळी अडलेली जीभ आता अडली नाही.

“दाजी, मी आता आशाताई म्हणून बोलती, तुमच्या मेव्हण्याची बायको म्हणून न्हाई. ऐका. संबंधातनं येतो, खरं हाय. पर जवळजवळ समद्याच माणसांना आयुष्यात कवातरी येऊन जातो. तुमाला, मला, कुणालाबी. आला तसा आपोआप जातो बी. कळत सुदिक न्हाई. एखादीचा जात न्हाई, आत बसून ऱ्हातो, धा धा वर्षं. कुणाकडनं आला, कवा आला, जगातला कुठला डॉक्टर सांगू शकत न्हाई.”

“माझ्याकडनं आला असंल तर?”

ती खोटं बोलली असती तर त्याला ते लगेच कळलं असतं. “असंल बी, नसंल बी. पर तुमी जाणूनबुजून दिला का? तवा तुमाला काय म्हाईत हुतं? आता म्हाईत हाय. म्हाईत असून गप बसलो, तर ती मातर आपली चूक.”

 कृष्णातनं रुमालानं तोंड पुसलं, खिशातली किल्ली काढली आणि मागचं दार उघडून धरलं.

“आईंना पुढं बसवा,” तो म्हणाला. “त्यांचं गुडघं दुखत्यात.”

*

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या आणि त्यांना घाई असते असं वाटत नव्हतं. पाच माणसं केबिनमध्ये शिरलेली बघून त्यांनी फक्त दोन खुर्च्या जास्त मागवल्या. क्रांतीचं लुगडं बघून विचारलं, “गडगनेर वाटतं?”

“हो,” क्रांती म्हणाली. “अर्धं राहिलंय.”

बाईंनी दोघींची वयं विचारली, पूर्वीची दुखणी विचारली, ताप नाही ना ते पाहिलं. रेश्माला दोन डोस, आजचा आणि सहा महिन्यांनी. क्रांतीला तीन, आजचा, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

“मध्ये लग्न आहे तिचं,” कृष्णात म्हणाला. बाईंसमोर त्याची भाषा आपोआप शहरी झाली. “तीनही आधी होणार नाहीत. मग उपयोग होईल का?”

“होईल. लग्नाआधी तिन्ही झाले असते तर उत्तमच. चारपाच वर्षांपूर्वी आला असता तर त्याहून उत्तम. पण आज सुरू करणं हे लग्नानंतर सुरू करण्यापेक्षा बरं, आणि लग्नानंतर सुरू करणं हे न करण्यापेक्षा बरं. मात्र तीन पूर्ण करायचे. आणि लस घेतली म्हणून तिशीनंतरची तपासणी सोडायची नाही. दोन्ही लागतं.”

“मुलांना असते का?” क्रांतीनं विचारलं. “त्यानं विचारायला सांगितलंय.”

“किती वर्षांचा आहे?”

“पंचवीस.”

“सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते. पाठवा त्याला.” बाई हसल्या. “विचारणारा नवरा मिळालाय, जपून ठेवा.”

कृष्णात खिडकीतून बाहेर बघत होता. पंचविशीतला पोरगा स्वतःहून असं विचारतो, याचा त्याला हेवा वाटला, आणि आपल्या लेकीसाठी आनंदही झाला. दोन्ही एकदमच झालं.

रेश्माचा नंबर आधी लागला. “पप्पा, लय दुखतं का?”

“फौजेत आम्हाला रांगेत उभं करून दोन्ही दंडात द्यायचे. एक सरदारजी होता सहा फूट दोन इंच, तो सुई बघूनच पडला.”

“खरंच?”

“झालं बघ,” नर्स म्हणाली.

पंधरा मिनिटं बाहेर बसून राहायचं होतं. नर्सनं दोघींची कार्डं आणून कृष्णातच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली. त्याच्या कपाळावर परत आठी पडली.

“काय झालं?” राहीबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण जावयाचं कपाळ येत होतं.

“क्रांतीचा दुसरा डोस जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतोय. तिसरा आक्टोबरात. तवा ही सासरी. नव्या सुनंला दवाखान्यात कोण सोडणार? त्यांच्या घरात परत समदं सांगत बसायचं, कोण काय अर्थ काढील. विश्वजितचं ठीक हाय. पर त्याची आई, त्याच्या आत्या...”

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. दीपमालानं अशा किती पोरी पाहिल्या होत्या, पहिला डोस माहेरी झालेला आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेलेलं. 

राहीबाई बोटं मोजत होती.

“जूनच्या शेवटाला काय असतंय?”

“काय असतंय?”

“आखाड लागतो न्हवं का. लगीन झाल्यावरचा पयला आखाड. नवी नवरी आखाडात सासरी ऱ्हाती व्हय? महिनाभर म्हायेरी. तिच्या सासूनंच पाठवली पायजे तिला, न्हाई पाठवली तर लोक नावं ठेवतील.” तिनं दुसरं बोट दुमडलं. “आणि आक्टोबरात?”

“दिवाळी,” रेश्मा म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “दिवाळसण. ताई आणि भाऊजी दोघं येणार. माझा पण दुसरा डोस तेव्हाच आहे.”

“गडगनेर, आखाड, दिवाळसण,” राहीबाईनं तिन्ही बोटं धरून दाखवली. “तिन्ही येळंला पोरगी आपल्याच दारात हाय. कुणाला सांगाय नगं, कुणाला इचाराय नगं. ती दोघं आपापल्या राजीखुशीनं सांगतील तवा सांगतील.”

दीपमाला सासूकडं बघतच राहिली. अकरा वर्षं ती तारखांची कागदं घेऊन दारोदार फिरत होती. नव्या नवरीचं माहेरी येणं आणि लशीच्या तारखा अशा एकावर एक बसतात, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून गावातल्या प्रत्येक ठरलेल्या पोरीच्या आईला ती हेच सांगणार होती.

“आत्ती, तुमास्नी आशाताई करायला पायजे हुतं.”

“मला ल्ह्याय येत न्हाई,” राहीबाई म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, “शालनच्या येळंला असं कुणी मोजलं न्हाई गं.” दीपमालानं तिचा हात हातात घेतला आणि पंधरा मिनिटं होईपर्यंत सोडला नाही.

*

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. जोतीरामनं मागं राहून पडदे वर गुंडाळले होते, अंगण झाडलं होतं, आणि कुणी सांगितलं नसताना पाट परत मांडून ठेवला होता. दीपमालानं देवघरातून तबक आणलं.

क्रांती पाटावर बसली. ओटी भरताना पुरुषमाणसं बाहेर जातात, तसा जोतीराम गेला. कृष्णात दारापर्यंत गेला.

दीपमालानं हळदकुंकू लावलं, खण ठेवला, गव्हाची ओंजळ घातली. एक, दोन, तीन. पदर जड व्हायला लागला तशी क्रांती जरा कळवळली. डावा दंड ठणकत होता, आणि पदराचं डावं टोक खाली खाली येत होतं. नारळ अजून घालायचा होता. रेश्माचा हातही दुखत होता, म्हणून ती नुसतीच बघत होती.

“धर की गं नीट, सांडंल,” राहीबाई म्हणाली. नवरा गेल्यापासून ती ओटीच्या वेळी लांबच असायची, तशी भिंतीपाशी उभी होती.

कृष्णात दारातून माघारी फिरला. चार पावलांत तो पाटाजवळ आला, गुडघ्यावर बसला आणि लेकीच्या पदराचं डावं टोक त्यानं दोन्ही हातांनी धरलं. दीपमालाचा नारळ धरलेला हात हवेतच राहिला. या घरात बापानं असा ओटीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. तिनं सासूकडं बघितलं.

“घाल,” राहीबाई म्हणाली.

नारळ पदरात पडला. कृष्णातनं तो सांभाळला. त्याच्या शर्टाच्या खिशातून दोन कार्डं डोकावत होती. बाप आणि लेक एवढ्या जवळ, समोरासमोर, बऱ्याच वर्षांनी बसले होते. क्रांतीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “पप्पा, हा आजार कसा होतो ते मला वाचून माहिती आहे. मामीचा फोन आला तेव्हापासून. मी तुमच्यावर रागावले नाही.”

 त्यानं पदर अजून घट्ट धरला.

“आखाडाला पोरीला आणायला कोण जाणार?” राहीबाईनं विचारलं. “आधी ठरवा. मागनं घोळ नको.”

शालनच्या पहिल्या आखाडाला तिला आणायला तिचा बाप गेला होता, दिवाळसणाला भाऊ. कृष्णात दोन्ही वेळेला सीमेवर होता.

“मी जाणार,” तो म्हणाला. “दोन्ही येळंला मीच.”